घोटा बरा कोणी केला?

घोटा मुरगळला की घरोघरी आंबेहळदीचा लेप लागायचा. दोन-तीन आठवड्यांत माणूस नीट चालू लागायचा आणि आंबेहळदीचं नाव व्हायचं. पुढे ते नाव मलमांनी आणि स्प्रेंनी मिळवलं. आता ते पीआरपीच्या इंजेक्शनकडे चाललं आहे. लेपाला सुटे पैसे पुरत, इंजेक्शनला हजारांत मोजावे लागतात.

पीआरपी म्हणजे प्लेटलेट्सनी दाट केलेला रक्तद्रव. रुग्णाचंच रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, तांबड्या पेशी खाली बसतात, वरचा पिवळसर द्रव दुखऱ्या लिगामेंटपाशी टोचतात. निरोगी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते चार लाख प्लेटलेट्स असतात. पीआरपीत त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात, अशी अपेक्षा धरली जाते. डेंगीच्या साथींमुळे प्लेटलेट्सचा आकडा आपल्याकडे घरोघरी पोचला आहे, पण रक्त गोठवण्यापलीकडे त्यांचं आणखी एक काम आहे. ऊतींची डागडुजी सुरू करणारी प्रथिनं त्या जखमेपाशी सोडतात. मग तीच जास्त प्रमाणात नेऊन पोचवली तर? तर्क चांगला आहे. जबड्याच्या हाडाच्या कलमांसाठी तो १९९८च्या सुमारास पुढे आला आणि २००९मध्ये खेळाच्या मैदानावर प्रसिद्धी पावला. पिट्सबर्ग स्टीलर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा हाइन्स वॉर्ड गुडघ्याचं लिगामेंट दुखावल्यावर हे इंजेक्शन घेऊन सुपर बोलच्या अंतिम सामन्यात उतरला. पुढच्या वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने स्नायूत पीआरपी टोचण्यावर बंदी घातली आणि २०११मध्ये ती उठवली. बंदीमुळे औषध जालीम असल्याचा समज मात्र व्हायचा तो झालाच.

घोट्याच्या बाबतीत तर्काची परीक्षा घेणं अवघड आहे, कारण घोटा बहुतेक वेळा आपला आपणच बरा होतो. पाय आत वळतो, बाहेरच्या बाजूचं, नडगीशेजारच्या हाडाला खालच्या हाडाशी बांधणारं लिगामेंट ताणतं किंवा फाटतं, सूज येते. पहिल्या पंधरवड्यात दुखणं झपाट्याने उतरतं. या उतरणीवर जे काही द्याल त्याला यश येतं. म्हणून इथे ‘मला गुण आला’ या अनुभवाला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. तो खोटा असतो म्हणून नव्हे, तो सगळ्यांनाच येतो म्हणून.

तुलना हवी ती खोट्या इंजेक्शनशी. अमेरिकेतल्या एका तातडीच्या विभागात ती झाली आणि २०१५मध्ये प्रसिद्ध झाली. ३७ रुग्ण होते. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. महिनाभरात दुखण्यात वा चालण्या-वावरण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, त्यावर निकाल लावता येणार नाही. पण आजूबाजूच्या मोठ्या चाचण्याही त्याच दिशेला बोट दाखवतात: नेदरलँड्समधली मांडीच्या मागच्या स्नायूंची ८० खेळाडूंवरची (२०१४), तिथलीच घोट्याच्या संधिवाताची १०० रुग्णांवरची आणि ब्रिटनमधली टाचेच्या शिरेची २४० जणांवरची (दोन्ही २०२१).

यावर समर्थकांचं उत्तर ठरलेलं असतं: त्यांचं पीआरपी बरोबर नव्हतं. उत्तरात तथ्य आहे. यंत्र, फिरवण्याचा वेग, पांढऱ्या पेशी ठेवल्या की गाळल्या, रुग्णाच्या स्वतःच्या प्लेटलेट्स किती, यावर प्रत्येक कुपी वेगळी निघते. पण मग हाच आक्षेप क्लिनिकच्या जाहिरातीलाही लागू व्हायला हवा. ज्या पदार्थाची फसलेली चाचणी ‘तो पदार्थच वेगळा’ म्हणून बाद करता येते, त्याची यशस्वी चाचणी तरी आपल्या पुढ्यातल्या कुपीला कशी लागू पडेल? शिवाय ‘तुमचंच तर रक्त’ या शब्दांनी रुग्णाची भीती जाते आणि तिच्याबरोबर शंकाही जाते. स्वतःचं रक्त अपायकारक नसणं आणि गुणकारी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दरम्यान ज्याचा पुरावा आहे ते बिचारं कोपऱ्यात राहतं. २००९मध्ये नेदरलँड्समध्येच घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंवर प्रयोग झाला. नेहमीच्या उपचारांनंतर अर्ध्यांना घरी आठ आठवडे तोल सांभाळण्याचे व्यायाम दिले: एका पायावर उभं राहणं, मग डगमगत्या फळीवर. वर्षभरात नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, व्यायामाच्या गटात २२ टक्क्यांचा. लिगामेंट फाटतं तेव्हा पाय कुठे, कसा पडतोय याची मेंदूला पोचणारी खबरही बिघडते, आणि ती इंजेक्शनने येत नाही. कबड्डीच्या किंवा खो-खोच्या खेळाडूला हे शिकवायला लागतो तो वेळ आणि शिकवणारा माणूस. आपल्या तालुक्यांत नेमकी त्याचीच वानवा आहे, आणि वेळेचं बिल लावण्याची रीतही आपल्याकडे नाही.

एक अपवाद मी उघडा ठेवीन. घोट्याच्या वर, नडगीची दोन हाडं जिथे जखडलेली असतात तिथली इजा हट्टी असते. २०१५च्याच एका अभ्यासात अशा १६ अव्वल खेळाडूंपैकी पीआरपी घेतलेले सरासरी ४१ दिवसांत मैदानात परतले, बाकीचे ६० दिवसांत. मात्र बाकीच्यांना खोटं इंजेक्शन नव्हतं. कोणाला काय मिळालं हे खेळाडूंना ठाऊक होतं. स्पर्धा तोंडावर असलेल्या एखाद्या खेळाडूने एवढ्या आधारावर दंड पुढे केला तर त्याला मी अडवणार नाही. हा प्रयोग आहे, एवढं त्याला सुई टोचण्याआधी सांगितलेलं असावं, आणि त्याच कागदावर तोलाचे व्यायामही लिहिलेले असावेत.