ताबा हाताचा की मनाचा?

निषिद्ध वस्तू जवळ सापडली एवढ्यावरून माणूस दोषी ठरतो, की त्या वस्तूविषयीचे त्याचे ज्ञान व इच्छा सिद्ध झाल्याशिवाय दोष उभाच राहत नाही, हा प्रश्न आजच्या न्यायालयांच्या फार आधी श्रमण परंपरांनी हाताळला आहे. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात निर्ग्रंथ, म्हणजे जैन, पंथाचा दीर्घतपस्वी कायदंड, म्हणजे देहाने घडलेली कृती, सर्वांत गंभीर मानतो, तर बुद्ध मनोकर्माला अग्रस्थान देतात. मात्र ही मांडणी प्रतिपक्षाची असल्याने ती जैन विचाराला पुरता न्याय देत नाही. कारण उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीचे ममत्व, हेच सांगितले आहे. धारण करणे ही अखेर मनाची क्रिया आहे, याविषयी दोन्ही परंपरा वाटतात त्यापेक्षा जवळ आहेत.

भारतातील 1985 चा गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच एनडीपीएस कायदा, तत्त्वतः हेच मान्य करतो. न्यायालये ज्याला सजाण ताबा म्हणतात, त्यात वस्तूवरील नियंत्रण आणि तिच्या स्वरूपाची जाणीव असे दोन घटक लागतात. राजस्थानातील एका खटल्यात न्यायालयाच्या मालखान्यातून चोरलेली अफू आरोपीने जमिनीत पुरून ठेवली होती. ती त्याच्या अंगावर वा घरात नसली, तरी ती कोठे आहे हे त्याला ठाऊक होते आणि ती त्याच्याच नियंत्रणात होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली तो ताबाच मानला. हात दूर असूनही मनाने धरलेली वस्तू ताब्यात असते, हा निर्णय योग्यच म्हटला पाहिजे.

अडचण पुढे आहे. जे मनात आहे ते सिद्ध करणे कठीण, म्हणून कायद्याचे 35 वे कलम आरोपीची दोषी मनःस्थिती, म्हणजे हेतू किंवा ज्ञान, गृहीत धरते आणि ती नव्हती हे आरोपीनेच वाजवी शंकेच्या पलीकडे सिद्ध करावे असे सांगते. कांद्याच्या गोण्या वाहणाऱ्या ट्रकचा चालक घेतला, तर त्याच्या हाती फक्त बिल्टी असते. गोण्या दुसऱ्याने भरलेल्या आणि शिवलेल्या असतात. त्यांतल्या एकीत गांजा निघाला, तर आपल्याला ते ठाऊक नव्हते याचा निःसंशय पुरावा त्याने कोठून आणावा? सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ही तरतूद वैध ठरवताना ताब्याची मूलभूत तथ्ये आधी सरकार पक्षाने सिद्ध करावीत अशी मर्यादा घातली, आणि ती मोलाची आहे. तरीही अज्ञान सिद्ध करण्याचा भार जिथल्या तिथेच राहिला.

शिक्षा ठरते ती वजनावर. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण, आणि त्यासाठी 1 वर्षापर्यंत सश्रम कारावास किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. 20 किलोंच्या वर व्यावसायिक प्रमाण, आणि तेथे किमान 10 व कमाल 20 वर्षांचा कारावास, शिवाय किमान 1 लाखाचा दंड. मधल्या प्रमाणासाठी 10 वर्षांपर्यंत. हेरॉइनसाठी या सीमा 5 व 250 ग्रॅम आहेत, आणि 2020 च्या निर्णयानुसार त्यात मिसळलेल्या भेसळीचे वजनही धरले जाते. व्यावसायिक प्रमाणाच्या आरोपात 37 व्या कलमामुळे जामीनही दुर्मीळ होतो, कारण आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री खटल्याआधीच पटावी लागते. तराजू इतका बारीक आणि मनाची पारख इतकी ढोबळ, हे तत्त्वदृष्ट्या समर्थनीय नाही. व्यसनाधीनाला स्वेच्छेने उपचार घेतल्यास 64अ कलमाखाली खटल्यातून सूट मिळू शकते, ही या कठोर कायद्यातली शहाणी जागा होय.

अमली पदार्थांच्या व्यापाराने घरे उद्ध्वस्त होतात, म्हणून कडक शिक्षेला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु न वटलेल्या धनादेशाच्या खटल्यातसुद्धा आरोपीला आपली बाजू केवळ अधिक संभाव्य असल्याचे दाखवणे पुरते, आणि जेथे आयुष्याची 20 वर्षे पणाला लागतात तेथे मात्र त्याच्याकडून निःसंशय पुरावा मागितला जातो. ही विसंगती संसदेने 35 व्या कलमात दुरुस्ती करून दूर करावी.