मीटर नसलेल्या विजेचा भाव

आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलात कापसाला पाणी देणाऱ्या मोटरचं युनिटवार बिल येत नाही. १ जानेवारी २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज आहे. मोफत विजेची सुरुवात आंध्र एकत्र असताना, मे २००४ मध्येच झाली होती. नांदेडच्या सीमेवरची काही गावं २०२२ च्या सुमारास ‘आम्हाला तेलंगणात घ्या’ म्हणू लागली, त्यामागे तिकडच्या योजनांबरोबर हा करंटही होता. लोडशेडिंगमुळे रात्री ओलित करणाऱ्याला ही मागणी का सुचते, ते वेगळं सांगायला नको. पण जी वीज कुणी मोजतच नाही, तिची किंमत आपल्याला कळणार कशी?

१९४८ च्या कायद्याने राज्योराज्यी वीज मंडळं आली, तेव्हा दराची कल्पना सोपी होती: खर्च किती झाला ते बघा आणि त्यावरून दर ठरवा. पुढे महाराष्ट्रात सत्तरच्या दशकाअखेरीस आणि आंध्रात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पंपाची आकारणी अश्वशक्तीवर होऊ लागली. पाच एच.पी.ची मोटर तासभर चालो की रात्रभर, पैसे तेवढेच. शेतकऱ्याची सोय झाली, मंडळाचाही रीडिंग घेण्याचा त्रास वाचला. मात्र मीटर गेला तशी माहितीही गेली.

त्या माहितीचं मोल महाराष्ट्राला उशिरा कळलं. वीज मंडळ वर्षानुवर्षं गळती, म्हणजे वाटेत हरवणारी आणि चोरीला जाणारी वीज, अठरा टक्क्यांच्या आतबाहेर असल्याचं सांगत होतं. १९९९ मध्ये वीज नियामक आयोग आला, दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी झाली. पुण्याच्या ‘प्रयास’ गटातल्या गिरीश संत, शंतनु दीक्षित यांच्यासारख्या अभ्यासकांनी, ज्यांनी आधी एन्रॉनच्या दाभोळ वीज कराराची चिरफाड केली होती, हे आकडे धसास लावले. गळती तीस टक्क्यांच्या वर निघाली. या दोन आकड्यांमधली वीज बिनमीटरच्या पंपांच्या खात्यावर दाखवली जात होती. चोरी दुसऱ्याची, नाव शेतकऱ्याचं. मराठी मुलखात झालेल्या आर्थिक संशोधनात हे काम मी फार वरचं मानतो.

त्याच सुमारास अमेरिकेत हेज फंडांचे, म्हणजे बड्या गुंतवणूकदारांच्या खासगी फंडांचे, अभ्यासक याच जातीच्या फसगतीशी झगडत होते. बुडालेले फंड माहितीसंचातून गळून जात, तगलेल्यांचीच सरासरी निघे. बर्टन माल्किएल आणि अतनू साहा यांनी २००५ मध्ये दाखवलं की एवढ्यानेच परतावा वर्षाला चार टक्क्यांहून अधिक फुगलेला दिसतो. तिथे गळालेली नोंद नफा फुगवत होती, इथे न घेतलेली नोंद तोटा झाकत होती.

दरम्यान विजेचा भाव बाजारात ठरू लागला. जून २००८ मध्ये आपल्याकडे पहिला वीज विनिमय बाजार सुरू झाला; आज तिथे दर पंधरा मिनिटांसाठी, म्हणजे दिवसाच्या ९६ तुकड्यांसाठी, वेगळा भाव निघतो. दुपारी सौर वीज असते तेव्हा तो उतरतो, दिवेलागणीनंतर चढतो. मार्च २०२२ मध्ये तो युनिटला २० रुपयांवर पोहोचला आणि केंद्रीय वीज नियामक आयोगाला १२ रुपयांची मर्यादा घालावी लागली. जुलै २०२५ पासून मुंबईच्या बाजारांत विजेचे वायदेही सुरू झाले आहेत. वीज साठवणं अवघड, म्हणून भाव अचानक उसळतो, आणि त्या उसळीची जोखीम उचलणारा तिचे पैसे मागतो. वित्त-अभ्यासक बेसेम्बाइंडर आणि लेमन यांचं २००२ चं संशोधन नेमकं जोखमीच्या याच मोबदल्यावर आहे.

तामसीच्या बांधावर यातलं काही दिसत नाही. मोटरला ऑटो स्टार्टर असला की करंट येताच ती आपोआप सुरू होते, विहिरीत पाणी असेतोवर चालते, मग ती वेळ दुपारची असो की संध्याकाळच्या महाग विजेची. भावातला फरक वितरण कंपनीच्या तोट्यात आणि सरकारच्या अनुदानात जातो. शेतीला किती वीज लागली हेही तिथे अंदाजानेच ठरतं: काही निवडक डीपींवर (गावातल्या रोहित्रांवर) मीटर बसवायचे आणि त्यावरून सगळ्यांचा हिशेब काढायचा, ही भारतीय सांख्यिकी संस्थेची पद्धत. पद्धत शास्त्रीय आहे, पण नमुन्यातल्या डीपीचं रीडिंग तुमच्या गावाची गळती सांगत नाही.

आज मीटर आला की उद्या बिल येईल, ही शेतकऱ्याची भीती खरी आहे आणि तिच्यामागे अनुभव आहे. म्हणून माझी मागणी एवढीच: पंपाला हात लावू नका, मोफत वीज मोफतच राहू द्या. पण प्रत्येक डीपीवर मीटर बसवा आणि महिन्याचं रीडिंग ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, तामसीतही आणि पैनगंगेच्या अलीकडे, महाराष्ट्रातही.