अंगावरचं दूध आणि अंगावरचा दोष

प्रवरेच्या काठी कोल्हारला भगवतीपुढे हात जोडणारा समाज आईपणाला देवत्व देतो. पण बाळ दुधासाठी रडलं की पहिला बोल बाळंतिणीलाच लागतो. डॉक्टर, नर्स किंवा आशाताई त्यात आपला सूर मिसळतात, तेव्हा सल्ल्याचा निवाडा होतो. त्यांनी खरं ते पुरतं सांगावं आणि तिथेच थांबावं, असं माझं मत आहे. जन्मानंतर तासाभरात बाळाला पाजावं, चीक टाकू नये, सहा महिने वरचं पाणीही देऊ नये, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींना भक्कम पुरावा आहे. जातकर्मातलं मधाचं बोटही इथे सुटत नाही. मधातून बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नको, हे आजीला स्पष्ट सांगावं, तिच्या श्रद्धेची टिंगल न करता. (मधाची वाटी देव्हाऱ्यापुढे ठेवली तर संस्कार काही बाटत नाही.)

बाळाला स्वतःचं मत मांडता येत नाही, मग त्याच्या वतीने आईला दटावू नये का? आक्षेप वजनदार आहे, पण दटावण्याने पान्हा फुटत नाही. ताणाने तो अडतो. बाळ वरचेवर आणि नीट ओढतं, तेव्हा दूध वाढतं. त्यासाठी खाटेशेजारी बसून बाळाच्या तोंडात नुसतं बोंड जातंय की भोवतालचा काळा भागही, हे पाहावं लागतं. त्याला वेळ लागतो, ‘पाजायलाच हवं’ म्हणायला लागत नाही. १९९२च्या कायद्यानेही डबाबंद बाळदुधाची जाहिरात, फुकट नमुने आणि आरोग्यसेवकांना कंपन्यांच्या भेटी यांवर बंदी घातली. डबा घेणाऱ्या आईला शिक्षा ठेवली नाही. दोष कुणाकडे पाहायचा, हे तिथे ठरलेलं आहे.

प्रवरेकाठच्या या ऊसपट्ट्यात ‘आईने निवडलं’ ही भाषा आणखी जपून वापरावी. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि खाडा झाला की पैसे कापले जातात. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आलेली २६ आठवड्यांची पगारी रजा मुकादमाची उचल घेतलेल्या बाईपर्यंत क्वचितच पोचते. फडाच्या कडेला पाजायला सवड नसलेल्या आईने काय निवडलं म्हणायचं? मग डब्याला मोकळं रान द्यायचं का? नाही. पण कुणी औषधोपचारामुळे, कुणी नाइलाजाने, कुणी स्वतःच्या विचाराने डबा घेतलाच, तर उकळलेलं पाणी, पावडरीचं अचूक माप, बाटलीऐवजी वाटी-चमचा, हे तितक्याच आस्थेने शिकवावं. बोलणी खाल्लेली आई पुढच्या खेपेला खरं सांगत नाही. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करते, आणि ते कळतं बाळाचं वजन घटल्यावर.