देवराईतले झाड कुणाचे?

दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथल्या देवराईत रानजायफळाची झाडे दलदलीतून श्वसनमुळे वर काढून उभी आहेत. सह्याद्रीत असे पाणथळ रान आता क्वचितच दिसते.

ते राखले कुणी? श्रद्धेने की धाकाने?

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासल्या. अनेक ठिकाणी वाळकी काटकीही उचलायची नाही, हा दंडक होता. त्यामुळे हिरडा, बेहडा, गारंबीच्या वेलीपर्यंत सगळेच वाचले. उपयोगाचे आणि निरुपयोगी असा भेद देवाने केला नाही.

आता जीर्णोद्धार निघतो, स्लॅबच्या देवळासाठी पैसा लागतो. मग देवाला कौल लावून झाडे विकली जातात. होकार नेमका कुणाचा, हे गावाने स्वतःला विचारायला हवे.