बरं न झालेल्यांची श्रद्धा

चंगाई सभेत माईक ज्याला बरं वाटलं त्याच्या हाती जातो. गुडघा दुखायचा थांबला, डोळ्यांपुढची अंधारी गेली असं सांगणारा माणूस व्यासपीठावर चढून साक्ष देतो. मंडप ‘हालेलुया’ने भरून जातो आणि चहूकडून मोबाइल वर होतात. ज्याचा गुडघा दुखतच राहिला तो खुर्चीचा आधार घेऊन उठतो आणि कनातीच्या कडेकडेने बाहेर पडतो. त्याला कोणी काही विचारत नाही. मला या दुसऱ्या माणसाविषयी लिहायचं आहे, कारण ख्रिस्ती श्रद्धेचा कस त्याच्यापाशी लागतो असं मला वाटतं.

पांढुर्णा आणि सौंसर हा मध्य प्रदेशातला मराठी मुलूख. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी, रानात संत्रा आणि कापूस, आणि दुखणं हाताबाहेर गेलं की नागपूर. ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून हा भाग वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, पण जिल्हा झाला म्हणून मिरगीच्या पोराला तपासणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी गावात येत नाही. त्यामुळे दुखणाईत घेऊन माणसं दारोदार फिरतात. सौंसर तालुक्यात जामसावळीला निजलेल्या हनुमंताचं मंदिर आहे. लोक त्याला ‘चमत्कारिक हनुमान’ म्हणूनच ओळखतात, आणि मंगळवार-शनिवारी दूरदूरची माणसं तिथे येतात. कोणी नागपूरला ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर जातो. कोणी शेजारणीने सांगितलं म्हणून प्रार्थनासभेला जाऊन बसतो. एकच घर या तिन्ही ठिकाणी जाऊन येतं आणि शेवटी नागपूरच्या ‘मेडिकल’च्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत रांग लावतं.

या माणसांना मी उथळ म्हणणार नाही. पोराला पोटाशी धरून बसलेली आई कुतूहलापोटी आलेली नसते. तिला देवाच्या सामर्थ्याचा पुरावा नको असतो, पोरगं बरं व्हायला हवं असतं. उथळपणा असतो तो भोवती जमलेल्या बघ्यांत आणि त्यांच्यासाठी सभेचा देखावा उभा करणाऱ्यांत. आज काय घडतं ते पाहू, घडलं तर मानू, नाही घडलं तर दुसरीकडे जाऊ, असा हा हिशेब. त्यात आजारी माणूस हा केवळ पुरावा होऊन बसतो.

हे फक्त खेड्यात चालतं असंही नाही. 2012 मध्ये मुंबईत इर्ला इथल्या वेलांकणी मातेच्या चर्चजवळच्या क्रूसावरून पाणी ठिबकू लागलं. गर्दी झाली, ते पाणी लोक श्रद्धेने घेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तुंबलेल्या सांडपाण्याचा ओलावा भिंतीतून वर चढत असल्याचं दाखवलं. काही कॅथलिक संघटनांनी भावना दुखावल्याची तक्रार पोलिसांत केली आणि एडामारुकू देश सोडून फिनलंडला गेले. त्या तक्रारीने मला त्या ठिबकण्यापेक्षा जास्त अस्वस्थ केलं. तुंबलेल्या गटाराचं स्पष्टीकरण ज्या श्रद्धेला सोसत नाही, ती ख्रिस्तावर कितीशी विसंबलेली होती?

यावर एक आक्षेप येतोच, आणि तो रास्त आहे. शुभवर्तमानांत पानोपानी चमत्कार आहेत. ते वगळून कोणता ख्रिस्त उरतो? मला ते वगळायचे नाहीत. पण ते कोणासाठी झाले ते पाहावं. अरण्यात भूक लागली असताना धोंड्यांच्या भाकरी करायला येशूने नकार दिला. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखवायला नकार दिला. हेरोद राजाला त्याच्या हातून एखादं चिन्ह पाहण्याची फार हौस होती. त्या दरबारात येशूने एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही, आणि तिथे एखादं चिन्ह दाखवून कदाचित जीवही वाचला असता. उलट ज्यांना त्याने बरं केलं त्यांच्यातल्या कितीकांना त्याने बजावलं की हे कोणाला सांगू नका. पाच हजारांना भाकरी वाढल्यावर तीच गर्दी दुसऱ्या दिवशी शोधत आली, तेव्हा त्याने तिला चुचकारलं नाही. पोट भरलं म्हणून आलात, असं तोंडावर सांगितलं, आणि पुढचं कठीण बोलणं ऐकून बरेच शिष्यही सोडून गेले. चमत्कार दुखणाइतासाठी होता, बघ्यांसाठी नव्हता. आपल्या सभांनी हा क्रम नेमका उलटा केला आहे.

मराठीत या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंना टाळून पुढे जाता येत नाही. चमत्काराची वाट पाहण्याचा अनुभव त्यांच्याइतका जवळून कोणी घेतला असेल असं वाटत नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थातीर्थांतून पुराण सांगत हिंडत होते. 1870च्या दशकातल्या दुष्काळात होतं नव्हतं ते संपलं. अनुष्ठानं, दानं, उपास चालूच होते. देव प्रसन्न होईल, काहीतरी घडेल ही आशा होती. मोलमजुरी करण्याचं शिक्षणही नव्हतं आणि मनाची तयारीही नव्हती. आई, वडील आणि थोरली बहीण त्या हालांत काही महिन्यांच्या अंतराने गेली. हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याचा उपयोग एका धर्माला नावं ठेवण्यासाठी करणं सोपं आहे. मला मात्र त्यात आजच्या ख्रिस्ती मंडपांनी वाचण्यासारखं दिसतं, कारण वाट पाहणं तेच आहे, फक्त नाव बदललं आहे.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्या तिकडे गेल्या होत्या वैद्यकी शिकायला; कानांनी नीट ऐकू येत नसल्याने ते राहून गेलं. हा बहिरेपणा त्यांच्याबरोबर जन्मभर राहिला. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आजचे पांढुर्णा आणि सौंसर तेव्हा त्याच प्रांतात होते. लहानपणची उपासमार आठवत रमाबाई तिकडे गेल्या, भुकेने खंगलेल्या मुली आणि विधवा गोळा केल्या आणि पुण्याला आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले तेव्हा त्यांना घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. मुलींना अन्न, अक्षर आणि हाताला काम मिळालं. स्वतःच्या वडिलांच्या घरात जे नव्हतं तेच त्यांनी इथे आधी आणलं.

आणि याच केडगावला 1905 मध्ये मोठी धार्मिक जागृती झाली. मुली रडत पापं कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थना करू लागल्या, अनोळखी भाषांत बोलू लागल्या. एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्याने कोणी पाण्याची बादली घेऊन धावल्याची हकीकतही सांगितली जाते. बातमी समुद्रापार गेली. रमाबाईंनी ही जागृती नाकारली नाही; ती देवाची आहे असंच त्या मानत होत्या. पण त्यांनी केडगावचं यात्रास्थळ होऊ दिलं नाही. त्या काळापासून मरेपर्यंतची त्यांची वर्षं गेली बायबलच्या भाषांतरात. हिब्रू आणि ग्रीक त्या उतारवयात शिकल्या, कारण साध्या बाईला वाचता येईल असं मराठी बायबल त्यांना मुळावरून करायचं होतं. खिळे जुळवायला, छापायला सदनातल्याच बायका. जुलै 1921 मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं सोपवायचं होतं तीच. प्रार्थना केल्या नसतील का? नऊ महिन्यांनी, 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या. भाषांतर हातावेगळं झालं होतं आणि ते संपूर्ण छापून आलं 1924 मध्ये.

ज्या घरात ज्वाळा दिसल्या त्या घरातल्या मालकिणीचे कान बरे झाले नाहीत आणि तिची लेक वाचली नाही. तिच्या विश्वासात काही कमी होतं असं म्हणायला कोणता प्रचारक धजेल? तेच वाक्य आपण मंडपातून बाहेर पडणाऱ्या गुडघेदुखीच्या म्हाताऱ्याला मात्र सहज ऐकवतो.

पांढुर्णा-सौंसरच्या मुलखातही मिशनचं काम जुनं आहे. 1877 पासून स्वीडिश लुथरन मिशनरी सागर, छिंदवाडा, बैतूल भागात आले. त्यातूनच वाढलेल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्चचं पाढरचं रुग्णालय शेजारच्या बैतूल जिल्ह्यात आहे; डॉ. क्लेमेंट मॉस यांनी ते 1958 मध्ये सुरू केलं. 2011 मध्ये तिथे छाती आणि पोट जोडलेल्या जुळ्या मुली जन्मल्या. आईबापांना झेपेना, त्यांनी त्या रुग्णालयाकडेच सोपवल्या. परिचारिकांनी त्यांना वर्षभर अंगाखांद्यावर वाढवलं. जून 2012 मध्ये देशातल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी मिळून कित्येक तासांची शस्त्रक्रिया करून दोघींना वेगळं केलं. पुढे काही दिवसांत एक गेली, एक जगली. अशा बातमीला चमत्कार म्हणायचा मोह होतो. पण मग जी गेली तिच्याबद्दल काय म्हणायचं? तिच्यासाठी केलेली रात्रपाळी, तिला पाजलेलं दूध, हे जगलेलीसाठी केलं त्याहून तसूभरही कमी नव्हतं.

सेवेवरही संशय घेतला गेला आहे आणि तो झटकून टाकू नये. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने 1956 च्या अहवालात शाळा-दवाखाने धर्मांतराचं साधन झाल्याचा ठपका ठेवला. मध्य प्रदेशात 1968 पासून धर्मांतरावर कायदा आहे. 2021 मध्ये तो अधिक कडक झाला. त्या कायद्याची झळ निष्पाप घरगुती प्रार्थनेलाही बसू शकते, आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. पण ‘या आणि बरे व्हा’ अशी पत्रकं वाटणाऱ्यांनी त्या संशयाला खतपाणी घातलं हेही कबूल करायला हवं. औषध द्यायचं ते माणूस आजारी आहे म्हणून. त्याने पुढे चर्चकडे पाठ फिरवली तरी गोळीत फरक पडता कामा नये. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला, तेव्हा उरलेल्या नवांचा रोग काही परत आणला गेला नव्हता.

सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते औषध सुटल्याने. मिरगीच्या गोळ्या अचानक थांबवल्या तर झटके आधीपेक्षा जोराने येतात, क्षयाचे उपचार अर्धवट सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. व्यासपीठावरून ‘गोळ्या सोडा’ असं कोणी स्पष्ट म्हणतोच असं नाही. पण बरं झाल्याची साक्ष चारचौघांत दिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गोळी घेणं म्हणजे स्वतःची साक्ष खोटी पाडणं वाटतं. म्हणून पाळकांनी हे उलट बाजूने, मोठ्याने आणि माईकवरूनच सांगायला हवं की गोळी घेणं हा अविश्वास नाही. आणि साक्ष देणाऱ्यांची नावं जशी मंडळीजवळ असतात, तशी बरं न झालेल्यांचीही असावीत, गाव-पाड्यासकट. महिन्यातून एकदा कोणीतरी त्या घरी जावं आणि विचारावं की गोळ्या किती उरल्या, मेडिकलला जायचं तर सोबत कोण येणार, आणि रात्री झटका येतो तेव्हा घरात जागं कोण असतं.