दोन सफी

आमच्या मोहल्ल्यात एका तरुणाने जीव दिला. घरच्यांनी 'हार्ट अटॅक' सांगितले, पण खरे सर्वांना ठाऊक होते. जनाज्याच्या नमाजला जेमतेम दोन सफी भरल्या. त्याचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता. आठवड्याने तो शाळेत आला आणि मधल्या सुट्टीत त्याने विचारले, "सर, भाईजानसाठी दुआ मागितली तर चालते का?" बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी सोडवलेला मी, "अब्बांना विचार" म्हणून मोकळा झालो.

आत्महत्या हराम आहे, याबद्दल वाद नाही. पण कृत्य हराम म्हणून माणसाला, त्याच्या आईला, भावालाही वाळीत टाकायचे का?

पैगंबरांनी (स.) अशा एकाची नमाज स्वतः पढली नाही, ही सहीह मुस्लिममधली हदीस आपल्याला तोंडपाठ असते. इमाम नववींचा खुलासा मात्र कुणी सांगत नाही. इतरांना धाक बसावा म्हणून पैगंबर स्वतः थांबले, सहाबांनी नमाज पढली; इमाम अबू हनीफा, मालिक, शाफई यांच्या मतेही ती पढावी. त्याच ग्रंथात तुफैल बिन अम्र यांच्या सोबत्याची हकीकत आहे. मदिनेची हवा त्याला मानवली नाही, आजारपण सोसवेना, तेव्हा त्याने स्वतःचा अंत केला. पुढे तुफैल यांना तो स्वप्नात दिसला, हात झाकलेले. हे ऐकून पैगंबरांनी त्याच्या हातांसाठीही अल्लाहकडे माफी मागितली. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथेच होते. मी ते शोधले उशिरा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा तीव्र मानसिक ताणाखाली होता असे गृहीत धरले, त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याला सरसकट गुन्हेगार ठरवणारे कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत राहिलेच नाही. मोहल्ल्याची संहिता मात्र जुनीच. २०२२ साली एकट्या महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या किती घरांत आधी कुणी "सब्र कर, नमाज पढ" एवढेच सांगून उठले असेल? सब्र खराच, पण मधुमेहाला आपण नुसता सब्र सांगत नाही, डॉक्टरही दाखवतो.

'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत नंबर मी उर्दूत लिहून शाळेच्या फलकावर लावला. एक सहकारी म्हणाले, "मुलांच्या डोक्यात नको ते भराल." विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मनातले बोलायला वाट मिळते, हे मी त्यांना सांगितले. पटले नाही, कागद मात्र त्यांनी काढला नाही.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. मागच्या शबे-बरातला कब्रस्तानात भेटला. त्याने काही विचारले नाही. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि आधी मीच हात उचलले.