महाभारतात मतदार कुठे आहे?

पक्ष फुटला, काका-पुतण्यांत बिनसले, की आपल्याला लगेच महाभारत आठवते. कोण अर्जुन, कोण शकुनी, याची जुळवाजुळव चहाच्या टपरीपासून वाहिन्यांवरच्या चर्चेपर्यंत सुरू होते. प्रकाश झा यांच्या ‘राजनीती’ने 2010 मध्ये हीच जुळणी पडद्यावर मोठ्या ताकदीने मांडली. सूरज म्हणजे कर्ण, वीरेंद्र म्हणजे दुर्योधन, समर म्हणजे अर्जुन. आणि नाना पाटेकरांचा ब्रिजगोपाल हा थंड डोक्याने सूत्रे हलवणारा कृष्ण. चित्रपट पकड घेतो, यात शंका नाही. पण महाभारत आजच्या काळात आणताना त्याने सभा, म्हणजे अन्याय बघत बसलेले लोक, मागेच ठेवली. आपणही रोजच्या बोलण्यात तेच करतो.

पुराणकथेच्या आडून राजकारण बोलणे मराठीला नवे नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ 1907 मध्ये रंगभूमीवर आले. वंगभंगाची जखम ओली होती, काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल हातघाईवर आले होते. नाटकात वंगभंग करणाऱ्या लॉर्ड कर्झनचे नाव नाही. तरी सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर हक्क सांगणारा कीचक कोण, धीर धरायला सांगणारा कंकभट्ट (युधिष्ठिर) कोण आणि ज्याचे हात शिवशिवताहेत तो बल्लव (भीम) कोण, हे प्रेक्षकांना फोड करून सांगावे लागत नव्हते. सरकारलाही ते कळले आणि 1910 मध्ये नाटकावर बंदी आली. पुढे 1921 मध्ये कोहिनूर फिल्म कंपनीच्या ‘भक्त विदुर’मधल्या विदुराने गांधी टोपी घातली, तेव्हा त्या मूकपटावरही मद्रास इलाख्यात बंदी आली.

सरकारला धास्ती नुसत्या कीचकाच्या मरणाची नव्हती. विराटपर्वात भर दरबारात कीचक द्रौपदीला लाथ मारतो, ती न्याय मागते आणि राजा काहीच करत नाही. हस्तिनापुरातल्या द्यूतसभेतही हेच घडले होते. अन्याय करणारा एक आणि बघत बसणारे अनेक. 1907 चा प्रेक्षक स्वतःला त्या बघत बसणाऱ्यांत ओळखत होता आणि घरी जाताना अस्वस्थ होत होता.

‘राजनीती’त अशी सभा उभी राहता राहता मोडते. ड्रायव्हरच्या घरात, दलित वस्तीत वाढलेला सूरज आझादनगरची उमेदवारी वस्तीतल्या माणसासाठी मागतो. चित्रपटातला हा सर्वांत राजकीय क्षण. उमेदवारी कोणाच्या हक्काची, हा प्रश्न इथे प्रथमच घराबाहेरचा माणूस विचारतो. पण वीरेंद्र त्याला जवळ करतो, त्याचा लढा वीरेंद्राच्या भाऊबंदकीत गुंततो आणि शेवटी तो त्याच घराण्याचा थोरला मुलगा निघतो. वस्तीचा प्रश्न जन्माच्या गुपितात विरून जातो. घरातली सून इंदू मुख्यमंत्री होते, सत्ता घरातच राहते. लोक दिसतात ते प्रचारसभेतल्या गर्दीपुरते.

श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’ने (1981) हेच महाभारत उद्योगपतींच्या दोन घरांत नेले होते. तिथे ते बसते, कारण कंपनी घराण्याच्या मालकीची असू शकते. राज्य तसे असू शकत नाही.

का, हे समजायला जालन्याच्या मस्तगडाकडे पाहावे. निजामुल्मुल्काच्या आज्ञेवरून काबिलखानाने 1725 मध्ये ही गढी बांधली. पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली. ज्या तटाआड हुकूम सुटत होते, तिथे मत देणारा माणूस नळाचे, रस्त्याचे गाऱ्हाणे घेऊन हक्काने जाऊ लागला. मराठवाडा 1948 मध्ये निजामी राजवटीतून सुटला आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत इथली रयत मतदार झाली. महाभारतानंतर आपल्या राजकारणात घडलेला सर्वांत मोठा बदल हाच. कथेला आधुनिक करायचे तर मोटारी आणि बॉम्ब आणून भागत नाही, हा बदल तिच्यात यावा लागतो.

कोणी म्हणेल, आपले राजकारण घराण्यांचेच आहे, चित्रपटाने खरे तेच दाखवले. मान्य. पण पारतंत्र्य हेही 1907 मध्ये खरेच होते. खाडिलकरांनी ते दाखवले, पण अटळ ठरवले नाही. व्यासांनीही अन्याय अटळ ठरवला नव्हता. ज्या सभेत भीष्म-द्रोण खाली मान घालून बसले, तिथे धृतराष्ट्राचाच एक मुलगा, विकर्ण, उठला आणि द्रौपदीला पणाला लावणे अधर्म आहे, असे स्पष्ट बोलला. त्याचे कोणी ऐकले नाही, तरी व्यासांनी त्याचे बोलणे वगळले नाही.

आजच्या लेखकांनी आणि दिग्दर्शकांनी महाभारताकडे जरूर जावे, पण भावांच्या भांडणासाठी नव्हे, त्या सभेसाठी जावे. आणि पुढचा पक्ष फुटेल तेव्हा आपणही अर्जुन कोण याची चर्चा थोडी बाजूला ठेवू या. पणाला काय लावले गेले आणि ते लावण्याचा अधिकार पुढाऱ्यांना कोणी दिला, हे आधी विचारू या. तो अधिकार आपल्या मताने दिलेला असतो, म्हणून जाब विचारण्याचे कामही आपलेच आहे.